गोळ्यांनी वजन वाढतंय, बंद करू का?

नैराश्यावरची औषधं घेणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा सुरुवातीला झोप, रडू, भीती यांबद्दल बोलतात. जरा बरं वाटायला लागलं की विषय बदलतो. “मॅडम, गोळ्यांनी वजन वाढतंय. बंद करू का?” पुरुषही विचारतात, ते पोटावर हात फिरवून विचारतात. काही जण विचारतच नाहीत. परस्पर गोळ्या सोडतात आणि काही महिन्यांनी घरचे त्यांना पुन्हा घेऊन येतात. हा प्रश्न इतक्यांदा कानावर आलाय की एकदा सविस्तर लिहावं असं फार दिवस मनात होतं. त्यासाठी रेवतीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रेवती सांगलीतल्या एका पतसंस्थेत कॅशियर. वय ३६, एक मुलगी. दिवाळीच्या सुमारास वडील गेले आणि त्यानंतर ती हळूहळू खचत गेली. जेवण तुटलं, पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. जूनमध्ये मानसोपचारतज्ज्ञांनी मिर्टाझापिन सुरू केलं. पंधरा दिवसांत झोप लागली, भूक लागली, दोनेक महिन्यांत ती पुन्हा काउंटरवर बसायला लागली. माझ्याकडे समुपदेशनही चालू होतं. सगळं मार्गावर होतं आणि एके दिवशी ती आली ती चिडलेली, डोळ्यांखाली काळं, हात थरथरणारे.

“गोळी घेतेस ना नीट?”

बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “अर्धी घेते. गेल्या आठवड्यापासून तीही एक दिवसाआड. सासूबाई हळदीकुंकवात सगळ्यांसमोर म्हणाल्या, काय फुगलीस गं. मॅडम, तेरा किलो वाढलेत. वेडी राहिले असते तर परवडलं असतं, निदान बारीक तरी होते.”

हे शेवटचं वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत पुष्कळांकडून ऐकलंय, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. पाच-सात किलो वाढले तर त्यावर इलाज आहेत. बरं होत आलेला माणूस गुपचूप गोळ्या तोडायला लागला, तर आजार उलटतो. शिवाय अचानक बंद केल्यावर चक्कर, मळमळ, झोप उडणं, चिडचिड असा त्रास होतो तो वेगळाच. रेवतीला तोच होत होता आणि तिला वाटत होतं, आपण मुळातूनच बिघडलोय.

त्या दिवशी मी वजनावर एक अक्षर बोलले नाही. गोळीचा निर्णय माझ्या अखत्यारीतला नाही, डॉक्टरांचा आहे, हे तिला स्पष्ट सांगितलं. तिच्यासमोर तिच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पूर्ण गोळी पुन्हा चालू करायला सांगितली आणि भेटीची वेळ दिली.

पुढच्या भेटीत ती जरा थाऱ्यावर होती. मी विचारलं, “तेरा किलो कशावरून धरतेस?”

“पन्नासची होते, त्रेसष्टची झाले. भावाच्या लग्नातला ब्लाउज दंडातून वर सरकत नाही.”

“लग्न कधी होतं?”

“गेल्या मेमध्ये.”

मी तिची फाइल उघडून ठेवलेली होती. मे महिना म्हणजे गोळ्या सुरू होण्याच्या आधीचा, तिच्या आजाराचा सगळ्यात वाईट महिना. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मी वापरते. त्या पद्धतीचा आग्रह साधा आहे: मनातलं वाक्य खरं मानण्याआधी पुरावा मागा. म्हणून मी तिला एकच काम दिलं. आजारी पडण्याआधी तुझं वजन किंवा माप काय होतं, याचा पुरावा आण. आठवण नको, लिहिलेलं काहीतरी हवं.

तिने जे आणलं ते मला सुचलं नसतं. तिचे ब्लाउज शिवणाऱ्या काकू गिऱ्हाइकांची मापं एका लांबट वहीत लिहून ठेवतात. नाव, तारीख, खाली उंची, छाती, कंबर, मुंडा, बाही. रेवतीने त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले होते. वडील जाण्याच्या आधीच्या वर्षी छाती ३४ इंच, कंबर २९. भावाच्या लग्नाच्या वेळी छाती ३१, कंबर २६. आणि काकूंनी त्या दिवशीच घेतलेलं माप, ३६ आणि ३१. मधल्या नोंदीच्या बाजूला काकूंनी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘फार उतरली, शिवणीत माया जास्त ठेवणे’.

मी फोन तिच्या हातात परत दिला. “आता सांग, मूळची तू कोणती?”

ती त्या पानाकडे पाहत राहिली. मी मध्ये काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं हे मी वर्षानुवर्षांच्या सरावाने शिकले आहे आणि त्याचं मोल मला पक्कं ठाऊक आहे. मग ती म्हणाली, “लग्नात सगळे म्हणत होते, किती छान बारीक झालीस, काय करतेस गं? आणि मी मांडवात बसून विचार करत होते, उद्या उठलेच नाही तर बरं. मुलीच्या डब्यात तेव्हा रोज बिस्किटाचा पुडा जायचा. मॅडम, मी ते पन्नास किलो परत मागतेय?”

मग तिनेच कागदावर मांडलं. आजाराआधी पतसंस्थेच्या आरोग्य तपासणीत ५८ किलो. आजारात ५०. आता ६३. म्हणजे तेरातले आठ किलो गेलेले परत आलेत. प्रश्न पाच किलोंचा. कॅशियरच ती, बेरीज-वजाबाकी जुळल्यावर तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

हे मला या सगळ्या वर्षांत उमगलेलं आहे आणि मी ठामपणे सांगते: नैराश्यातून उठणारी माणसं पुष्कळदा स्वतःची तुलना आजाराने दिलेल्या शरीराशी करतात. वाढीचा एक हिस्सा म्हणजे भूक परतणं, जेवणाला चव येणं. तेवढा भाग बरं होण्याचा आहे. म्हणून गोळी सुरू होतानाचं वजन लिहून ठेवाच, पण आजारापूर्वीचंही शोधा. जुनी तपासणी, विम्याचे कागद, शिंप्याची वही, काहीही चालेल.

उरलेल्या पाच किलोंचं मात्र खोटं समाधान करू नये. ते खरे असतात. सगळी औषधं सारखी वजन वाढवत नाहीत. मिर्टाझापिन शरीरातल्या हिस्टामिनचा परिणाम अडवतं, त्यामुळे झोप येते आणि भूकही भडकते. रेवतीला झोप आणि भूक दोन्ही नव्हत्या, म्हणूनच तर डॉक्टरांनी ते निवडलं होतं. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं आणि पॅरॉक्सेटिन यांनीही वजन वाढताना दिसतं. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांचा परिणाम सहसा कमी. ब्युप्रोपिऑनने तर बहुधा वाढत नाही, पण ज्यांना फिट येतात त्यांना ते चालत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ८३ हजार रुग्णांच्या नोंदींवरून आठ औषधांची तुलना प्रसिद्ध झाली. पहिल्या सहा महिन्यांत औषधा-औषधांमधला सरासरी फरक अर्ध्या किलोच्या आतबाहेर होता. सरासरी म्हणजे आपण नव्हे, कुणाचं आठ किलो वाढतं तर कुणाचं कमीही होतं. पण ‘या गोळ्या म्हणजे वजन वाढणारच’ ही समजूत तरी त्याने सैल व्हावी.

रेवतीच्या डॉक्टरांनी थायरॉइड आणि साखर तपासली, दोन्ही ठीक निघालं. थायरॉइड मंदावलं तर वजनही वाढतं आणि मनही खाली जातं, म्हणून ही तपासणी टाळू नये. मग त्यांनी काही आठवड्यांत सावकाश तिला सर्ट्रालिनवर आणलं.

खाण्याचं काम आम्ही दोघींनी केलं. ती मंगळवार, गुरुवार आणि चतुर्थी असे उपास धरत होती. दिवसभर चहा, संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी. रात्री गोळीनंतर भूक उसळली की अंधारात ओट्याशी उभी राहून भडंगाचा डबा जवळजवळ संपवायची. मग, ‘माझ्यात दमच नाही’ म्हणून रडायची. मी म्हटलं, “दिवसभर उपाशी ठेवलेलं पोट रात्री मागणारच. यात तुझ्या स्वभावाचा दोष कुठे आला?” वजनासाठीचे उपास सुटले, चतुर्थी तिने श्रद्धेने ठेवली. सकाळी नाश्ता, दोन्ही जेवणांत भाकरीबरोबर वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, रात्रीचं जेवण आठला. त्यानंतर भूक लागलीच तर ताक आणि मूठभर फुटाणे, तेही ताटलीत घेऊन, बसून. भडंग घरातून हद्दपार केलं नाही, फक्त मोठा डबा भरून ठेवणं बंद केलं. संध्याकाळी मुलीला घेऊन आमराईत अर्धा तास चालणं. चालण्याने मनालाही आधार मिळतो, त्यामुळे वजन हललं नाही तरी ते वाया जात नाही.

काट्यावर रोज उभं राहायचं नाही असं ठरवलं. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी. आणि महिन्यातून एकदा कंबरेचं माप. भारतीय बायकांसाठी कंबर ८० सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषांसाठी ९० च्या आत असावी असं डॉक्टर मानतात. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, तोही आपल्याकडे २३ पासूनच जास्त धरतात, कारण आपल्या अंगात चरबी पोटावर साठते. दिसण्यापेक्षा या आकड्यांची काळजी घ्यावी.

नवऱ्याला एकदा बोलावलं होतं. तो मुळात चांगला माणूस, पण ‘गोळ्यांची सवय लागते’ हे त्याच्या डोक्यात बसलेलं. मी त्याला मेमधल्या रेवतीबद्दल विचारलं. तो गप्प झाला, आणि सासूबाईंशी बोलायची जबाबदारी त्याने स्वतःहून घेतली.

सहा महिन्यांत ती साठवर आली. अठ्ठावन्न झाली नाही. काकूंकडून ३५ च्या मापाचे दोन ब्लाउज शिवून घेतले आणि जुने भाचीला देऊन टाकले, हे मला तिने आनंदाने सांगितलं. मला विशेष आनंद याचा की त्या काळात तिची एकही गोळी चुकली नव्हती.

तुमच्याबाबतीत असं होत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: आजारापूर्वीचं, गोळी सुरू होतानाचं आणि आजचं वजन. विचारा, याच औषधाने भूक वाढतेय का, दुसरं चालेल का, मात्रा किंवा वेळ बदलता येईल का. मूळ वजनाच्या पाच टक्के वाढ झाली की थांबू नका, तेव्हाच विचारा. कधी बंद करायच्या हेही विचारा. पहिल्याच खेपेचं नैराश्य असेल, तर पूर्ण बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवून मग टप्प्याटप्प्याने कमी करतात. डॉक्टर ऐकून घेत नसतील, तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत जरूर घ्या. जगणं नको वाटायला लागलं, तर डॉक्टरांच्या भेटीच्या वेळेची वाट पाहू नका, टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. आणि दुसरं मत मिळेपर्यंत आजची गोळी आजच घ्या, अख्खी.