काळं बिस्किट, पांढरं क्रीम

प्रश्न : ओरिओ हे मूळ बिस्किट की कुणाची नक्कल? आणि घरी केलेली बिस्किटं तपकिरीच का राहतात, वर कोल्हापूरच्या पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी मऊ का पडतात?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी आलं हायड्रॉक्स नावाचं तसंच क्रीमचं बिस्किट, 1908 साली, अमेरिकेतल्या लूज-वाइल्स कंपनीचं. ओरिओ 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल बिस्किट कंपनीनं काढलं. तरी लोक हायड्रॉक्सलाच नक्कल समजत राहिले. जाहिरातीपुढे कुणाचं काय चालणार! ओरिओच्या क्रीममध्ये पूर्वी डुकराची चरबी असे, 1990च्या दशकात ती जाऊन वनस्पती तेल आलं. भारतात हे बिस्किट 2011 मध्ये आलं.

आता रंगाचं. साधी कोको पावडर आम्लधर्मी आणि फिकट असते. अल्कलीची प्रक्रिया केलेली ‘डच प्रोसेस’ कोको घ्या. 150 ग्रॅम मैद्याला 40 ग्रॅम कोको, 100 ग्रॅम लोणी, 80 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर नको, नाहीतर बिस्किट फुगून कडा वाकड्या होतात. पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून 3 मिलिमीटर जाड लाटा आणि 170 अंशांवर 12 ते 14 मिनिटं भाजा. काळ्या रंगामुळे करपलेलं डोळ्यांना कळत नाही, म्हणून घड्याळावरच विसंबा.

मऊ पडण्यामागे बहुधा क्रीममधलं दूध असतं. त्यातलं पाणी बिस्किट ओढून घेतं. 50 ग्रॅम लोण्यात 120 ग्रॅम पिठीसाखर फेटा, दुधाचा थेंबही नको. बिस्किटं पूर्ण गार झाल्यावरच क्रीम भरा आणि लगेच हवाबंद डब्यात टाका.