पोट भरत नसताना माणूस चित्रं का काढत बसला?

तुम्ही विचारलंय की अन्न शोधण्यातच दिवस जात असताना आदिमानवाने चित्रं, गाणी, मणी यांवर वेळ का घालवला, आणि उत्क्रांतीत ही सवय गळून कशी पडली नाही. मी राजापूर तालुक्यातली, शाळेत चित्रकला शिकवते. हा प्रश्न मला पुस्तकाआधी सड्यावर भेटला.

जांभ्याच्या उघड्या माळाला आमच्याकडे सडा म्हणतात. कशेळीच्या सड्यावर एक हत्ती कोरलेला आहे, सुमारे 18 मीटर लांब. त्याच्या अंगात मासे आणि इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या भरल्या आहेत. भिंतीवर नाही, पायाखालच्या कातळात. शेजारी उभं राहिलं की सोंड दिसते तेव्हा शेपटी दिसत नाही. फळ्यावर मोठं चित्र काढताना आपण चार पावलं मागे जाऊन प्रमाण बघतो; इथे मागे गेलं तर रेघाच दिसेनाशा होतात. म्हणजे तो हत्ती कोरणाऱ्याच्या डोक्यात आधी पुरता उभा होता. आणि एवढं काम एका बैठकीत होत नाही. कोणीतरी कातळ ठोकत होतं, तेव्हा दुसऱ्या कोणीतरी त्याच्या खाण्याची सोय बघितली असणार. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट. टोळीला ते काम फुकट वाटत नव्हतं.

जर्मनीतल्या होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत मॅमथच्या (हिमयुगातल्या केसाळ हत्तीच्या) सुळ्यात कोरलेली सिंहाच्या तोंडाची मानवाकृती सापडली, उंची जेमतेम 31 सेंटीमीटर. ती सुमारे 40,000 वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे हिमयुगातली. आजच्या कारागिराने दगडी हत्यारांनी तशीच मूर्ती घडवून पाहिली तेव्हा साडेतीनशेहून जास्त तास लागले. तेवढे तास तो माणूस शिकारीला गेला नाही, लाकूडफाटाही आणला नाही.

आता कारणांकडे. 1871 मध्ये डार्विनने मोराच्या पिसाऱ्याकडे बोट दाखवलं: जोडीदार मिळवायचा म्हणून सौंदर्य वाढत गेलं. माणसाच्या संगीताचं मूळही त्याला तिथेच दिसत होतं. यात तथ्य आहे, पण माझी आजी यात बसत नाही. ती पहाटे चारला जात्यावर नाचणी दळायची आणि ओव्या म्हणायची, माहेरच्या, भावाच्या. ऐकायला आम्ही अर्धवट झोपेतली पोरं. कोणावर छाप पाडायची होती तिला? गावोगावी अशाच बायका गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी मिळून भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, तिथेही स्पर्धा नसते. चौकाशिवाय लग्न लागत नाही, एवढंच.

मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी संगीताला चीजकेकची उपमा दिली होती: भाषा, ऐकणं अशा उपयोगी क्षमतांना सुखावणारा गोड पदार्थ, त्याचा स्वतःचा काही उपयोग नाही. मला हे अजिबात पटत नाही. चैनीची वस्तू माणूस अडचणीत आधी सोडतो. हिमयुगातल्या माणसाने ती सोडली नाही आणि आजीनेही सोडली नाही. उलट दळण जड असेल तितकी ओवी लांबायची.

मला पटतं ते कलेच्या उगमाच्या अभ्यासक एलन डिसानायके यांचं म्हणणं. माणसाचं मूल जन्मतः फार असहाय असतं, ते वर्षानुवर्षं कोणीतरी सांभाळावं लागतं. म्हणून आई आणि बाळ यांच्यात एक खेळ तयार झाला. घरात बघा. बाळाशी कोणी सरळ बोलत नाही. "कोण आऽऽलं? कोण आऽऽलं?" सूर लांबतो, शब्द पुन्हा पुन्हा येतात, भुवया वर जातात, मधेच थांबून बाळाला ताटकळत ठेवलं जातं. साधी गोष्ट उचलून ती नेहमीपेक्षा वेगळी, खास करायची. डिसानायके म्हणतात की ताल, पुनरावृत्ती, अतिशयोक्ती ही कलेची हत्यारं इथली आहेत, आणि पुढे टोळीने तीच विधींमध्ये, भीतीच्या आणि आनंदाच्या प्रसंगी एकमेकांना धरून ठेवायला वापरली. जी टोळी एकत्र नाचली, ती संकटात एकत्र उभी राहिली. सवय टिकली ती त्यामुळे, असं मला वाटतं.

आवाज आणि नाच मागे राहत नाहीत, म्हणून पुरावा वस्तूंपासूनच सुरू होतो. दक्षिण आफ्रिकेच्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे 75,000 वर्षांपूर्वीचे शिंपल्यांचे मणी आणि गेरूच्या तुकड्यावर कोरलेली तिरप्या रेघांची जाळी मिळाली. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचं रानडुकराचं चित्र किमान 51,200 वर्षं जुनं आहे, त्यामुळे कलेचा जन्म युरोपातल्या गुहांमध्ये झाला हे आता विसरायला हरकत नाही. आणि आपल्या चाळीसगाव तालुक्यात, पाटणे इथे, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, शिवाय रेघांची जाळी कोरलेला एक तुकडा. हो, खानदेशात तेव्हा शहामृगं होती! त्या जाळीचा फोटो मी दरवर्षी पाचवीच्या मुलांना दाखवते. त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर तीच जाळी असते.

कातळशिल्पं स्वतः बघायची असतील तर कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी यांपैकी कुठेही जा. 2022 पासून ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. बारसूला दोन झेपावणाऱ्या वाघांमध्ये उभा असलेला माणूस आहे, तो चुकवू नका. दुपारी जाऊ नका, डोक्यावरच्या उन्हात उथळ रेघा पुसल्यासारख्या होतात. सकाळी सूर्य खाली असताना पोचा आणि चपला काढून कडेकडेने फिरा. फोटोसाठी रेघांमध्ये खडू किंवा चुना कृपा करून भरू नका.