बर्गनचे चार दिवस: आधी फ्योर्डची तिकिटं

जूनमध्ये आई-वडिलांना घेऊन नॉर्वेतल्या बर्गनला चार दिवस जायचंय, फ्योर्डही (डोंगरांत खोलवर शिरलेली समुद्राची खाडी) बघायचाय, तर आखणी कशी करावी, असा तुमचा प्रश्न आहे. आधी फ्योर्डच्या फेरीची तिकिटं काढा, बाकी सगळं त्याभोवती बसवता येतं.

फेरी अशी: बर्गनहून रेल्वेने वॉस, सव्वा तास. तिथून बसने गुदवांगेन, तासभर. मग अरुंद नॅरॉयफ्योर्डमधून बोटीने फ्लोम, दोन तास. फ्लोमची रेल्वे जेमतेम 20 किलोमीटरमध्ये 866 मीटर उंचीवरच्या म्युर्दालला चढते आणि तिथून बर्गनची गाडी मिळते. उन्हाळ्यात बोट आणि फ्लोमची रेल्वे सगळ्यात आधी भरतात. तिकिटं सुटी काढलीत तर एका टप्प्याला उशीर झाला म्हणून पुढची बोट थांबत नाही, तेव्हा मध्ये मोकळा वेळ ठेवा आणि म्युर्दालहून शेवटच्या गाडीवर विसंबू नका. वडीलधारे सोबत आहेत, तर फ्लोमला एक रात्र राहाच. पाऊस असला तरी बेत रद्द करू नका, धबधबे तेव्हाच भरून वाहतात.

बर्गन शहरालगतच्या फ्लॉयन डोंगराचं मात्र उलटं. 320 मीटरवर ढग उतरले की काहीच दिसत नाही. त्याला दिवस ठरवून देऊ नका. आभाळ उघडलं की संध्याकाळी वर जा. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो आणि क्रूझवाल्यांची गर्दी ओसरलेली असते.

ब्रिगेन म्हणजे बर्गनच्या बंदरावरची, हान्सा या जर्मन व्यापारी संघाची वखार, 1360 च्या सुमाराची. आजच्या इमारती 1702 च्या आगीनंतर जुन्याच आराखड्यावर बांधलेल्या. समोरून फोटो काढून परतू नका, बोळात शिरा: पायाखाली फळ्या, डोक्यावर पुढे आलेले लाकडी सज्जे, एकमेकींकडे कललेल्या भिंती. आगीच्या धास्तीने इथे विस्तव पेटवायला बंदी होती. स्वयंपाक आणि शेकोटी मागच्या बाजूला, शॉटस्टुएने नावाच्या वेगळ्या घरांत. ती आवर्जून बघा. ओल्या फळ्या निसरड्या असतात, आई-वडिलांना चांगल्या पकडीचे बूट द्या. वाऱ्यात छत्री उलटते, टोपीचं रेनजॅकेटच हवं.

विमानतळावरून ट्रामने शहर पाऊण तासावर आहे. तिकीट चढण्याआधीच काढायचं.

खाऊ नेताना जपा. भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, तूप घरीच. चकली, चिवडा चालतो. रविवारी मोठी किराणा दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा.