ब्लॉक हीटर: जागा, जोडणी आणि जळण्याची कारणे

प्रश्न : उणे २० अंशांच्या थंडीत माझी डिझेल गाडी सकाळी सुरू व्हायला फार त्रास देते. ब्लॉक हीटर (इंजिनाला थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, विजेने आधीच तापवणारा हीटर) आणला आहे, पण तो इंजिनात कुठे बसतो तेच कळत नाही. घरी बसवता येईल का?

उत्तर : आधी बॉनेट उघडून पुढच्या जाळीमागे आणि बॅटरीच्या आसपास नीट पाहा. तीन पिनांची, टोपण घातलेली वायर गुंडाळून बांधलेली दिसली, तर हीटर कारखान्यातूनच आलेला आहे. थंड प्रदेशासाठी बनलेल्या डिझेल गाड्यांत असे बऱ्याचदा असते आणि मालकाला पत्ता नसतो.

तसे नसेल तर कोअर प्लग शोधा, हीटर त्यांपैकी एकाच्या जागी बसतो. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचा मुख्य सांगाडा, ओतल्यावर आतली वाळू काढण्यासाठी त्याला भोके ठेवतात. ती बंद करणाऱ्या, उथळ वाटीसारख्या पत्र्याच्या या चकत्या. ब्लॉकच्या बाजूला त्या ओळीने दिसतात, मात्र हवी ती नेमकी स्टार्टरमागे किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डखाली (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांखाली) दडलेली असते. व्यास जुळला म्हणून कोणतेही भोक चालत नाही. आतल्या पोकळीत एलिमेंट (हीटरची तापणारी कांडी) मोकळे राहिले पाहिजे, सिलिंडरच्या भिंतीला टेकता कामा नये. म्हणून हीटरसोबतच्या पत्रकात तुमच्या इंजिनासाठी जो प्लग सांगितला आहे तोच काढा.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कूलंट सोडा. फक्त रेडिएटर रिकामा करून भागत नाही, ब्लॉकचा ड्रेन बोल्टही उघडा. कूलंट विषारी आणि चवीला गोड असते, त्यामुळे घमेले मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेत ठेवू नका. प्लगच्या एका कडेवर पंच ठेवून हलके ठोका. तो भोकात आडवा फिरला की पक्कडीने ओढून घ्या. मधोमध ठोकलात तर तो आत पडतो आणि मग काढता काढता नाकी नऊ येतात.

भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. गळती होते ती बहुतेक इथेच, गंजाच्या एखाद्या कणावर ओ-रिंग (हीटरचे रबरी कडे) बसल्यामुळे. ओ-रिंगला कूलंटचा हात लावा, एलिमेंटचे तोंड पत्रकातल्या दिशेला ठेवून हीटर सरळ आत सरकवा आणि मधला स्क्रू सांगितलेल्या टॉर्कइतकाच (आवळण्याच्या जोराइतकाच) आवळा. जास्त जोर दिला तर आतली पकडपट्टी वाकते.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे भरून हवा पूर्ण काढा, इंजिन थर्मोस्टॅट (तापलेले कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडेपर्यंत चालवा, थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा आणि मगच हीटरला वीज द्या. एलिमेंटभोवती हवेचा बुडबुडा राहिला तर ते काही क्षणांत जळते. "चालतो का बघू" म्हणून हातात धरून कोरडा तर कधीच लावू नका.

वायर पंख्याचा पट्टा, स्टिअरिंगचे जोड आणि मॅनिफोल्ड यांपासून लांब नेऊन बांधा. अर्थिंग असलेले, बाहेर वापरायचे जाड एक्स्टेंशनच घ्या. वायर हाताला गरम लागली तर ती त्या भाराला पुरत नाही. गाडी सुरू करण्याआधी दोन ते चार तास हीटर पुरतो. रात्रभर ठेवणे म्हणजे वीज वाया. टायमर लावलात तर उत्तम.

प्रश्न : नवा हीटर चालतो आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

उत्तर : वीज दिल्यावर थोड्या वेळाने ब्लॉकजवळ कान द्या. पातेल्यातले पाणी तापू लागताना येतो तसा बारीक सूं आवाज येतो. ऐकू आला नाही तर वायर सॉकेटमधून काढून अर्थची पिन सोडून उरलेल्या दोन पिनांमधला रोध मल्टीमीटरने मोजा. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट, इतका तो यायला हवा : २३० व्होल्ट, ५०० वॅटच्या हीटरला सुमारे १०६ ओहम, १२० व्होल्ट, ४०० वॅटच्या हीटरला ३६. रीडिंगच आले नाही तर वायर तुटलेली आहे किंवा एलिमेंट गेलेले आहे. कोणते, हे वायर हीटरपासून सोडवून थेट त्याच्या पिनांवर मोजले की लगेच कळते. दोष वायरचाच निघाला तर हीटरला हात लावायची गरज नाही. पिन आणि अर्थ यांच्यात मात्र कसलेही कनेक्शन दिसता कामा नये. दिसले तर तो हीटर पुन्हा विजेला जोडू नका, बदलाच.