पाच महिन्यांसाठी पोर्तुगालला जावं का? जा, पण इंटर्नशिप कागदावर आल्यावर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात एम.एस्सी. करते आहेस, विषय समुद्रजीवांचा, आणि कॉलेजातून एक सेमिस्टर पोर्तुगालात, अर्धा वेळ वर्ग नि अर्धा वेळ इंटर्नशिप, असा पर्याय समोर आला आहे. घरचे म्हणतात, पाच महिन्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, जायचंच तर सरळ पदवीला जा. (वाळपईची आहेस असं लिहिलंस म्हणून एकेरीवर आले. मी फोंड्याची.)

माझं मत, जा. पण इंटर्नशिप कुठल्या जागी, कुणाच्या हाताखाली आणि किती क्रेडिटची, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी लिहून हातात आलेलं असेल तरच. "तिथे गेल्यावर बघू, प्रोफेसर मदत करतात" असं कुणी म्हणालं, तर इंटर्नशिप होणार नाही असंच धरून चाल. मग उरतात चार विषयांचे वर्ग, आणि तेवढ्यासाठी घरच्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पुस्तकं तीच, संशोधन निबंध तेच, स्लाइडसुद्धा बऱ्याचशा ओळखीच्या वाटतात.

इंटर्नशिपचं मात्र वेगळं. मी होते फारोला, देशाच्या दक्षिण टोकाला, आल्गार्व विद्यापीठात. शहराच्या पुढ्यातच रिया फोर्मोझा आहे. समुद्राच्या बाजूला वाळूच्या बेटांची रांग आणि तिच्या आत साठेक किलोमीटर पसरलेलं उथळ खारं पाणी, चिखल, मिठागरं. 1987 पासून हा सगळा भाग संरक्षित उद्यान आहे. आगरवाड्याची मिठागरं आणि आपली खाजणं बघत वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. पोर्तुगालातल्या तिसऱ्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, मुख्य आगरही हेच. त्यांची तिसरी आपल्या तिसऱ्यांच्याच कुळातली, पण अंगाने मोठी. आपल्याकडे तिसऱ्या नदीतून वेचतात. तिथे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाचे वाफे आहेत, खुंट्या मारून हद्दी आखलेल्या, आणि प्रत्येक वाफ्याला मालक आहे. बी टाकायचं, राखायचं, मोठं झालं की काढायचं, अशी ही शेतीच.

या शेतीला 1980 च्या दशकात रोग लागला. परकिन्सस नावाचा एकपेशीय परजीवी, तिसरीच्या कल्ल्यांत शिरतो. तिसऱ्या ढिगांनी मरायला लागल्या. 1989 मध्ये तो याच खाडीतल्या तिसऱ्यांवरून नवी जात म्हणून नोंदला गेला, नाव नंतर बदललं. हाच परजीवी भारतात मोत्याच्या कालवांतही सापडला आहे, त्यामुळे "तिकडचं शिकून इकडे काय उपयोग" या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं तयार होतं.

माझं काम काय, तर मोजणी. तिसरी उघडायची, कल्ल्याचा तुकडा कापायचा, तो प्रतिजैविकं घातलेल्या थायोग्लायकोलेट नावाच्या द्रवाच्या नळीत टाकून आठवडाभर अंधारात ठेवायचा. त्या आठवड्यात परजीवीच्या पेशी फुगतात. मग तुकडा काचपट्टीवर घेऊन वरून लुगोलचं आयोडीन. सूक्ष्मदर्शकाखाली पिवळट पसाऱ्यात निळेकाळे गोल, म्हणजे परजीवी, उठून दिसतात. ते मोजायचे. पहिल्या दिवशी मजा वाटते, पुढे मान धरते, आणि त्याच्याही पुढे, नळीवरची चिठ्ठी न बघता नमुना कुठल्या वाफ्यातला असेल याचा अंदाज यायला लागतो. ही पद्धत 1950 च्या दशकातली आहे, साधी आणि स्वस्त. आपल्या इथल्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत होईल. पण मला ती करताना कुणी बघितलं, चुकीचा तुकडा कापला की हात धरून थांबवलं, ते तिथे.

नमुने आणायला वाफ्यांवर जावं लागायचं. ऑफिसच्या भिंतीवर सणवार दाखवणारं कॅलेंडर नव्हतं, भरती-ओहोटीचं कोष्टक होतं, आणि आठवड्याचं वेळापत्रक त्यावरून ठरायचं. अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे उधाणाला, तिथे पाणी साडेतीन मीटरपर्यंत चढतं-उतरतं, आपल्यापेक्षा बरंच जास्त. खालचे वाफे तेव्हाच उघडे पडतात. भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याच्या दिवसांत प्रयोगशाळा, उधाणाच्या दिवसांत चिखल. वर्ग मध्ये आला तर शिक्षकांना आधी सांगून ठेवायचं. ते समजून घेतात, कारण त्यांचे स्वतःचे नमुनेही त्याच पाण्यात असतात.

खरं शिकले ते मात्र ओल्यांवच्या एका शुद्धीकरण केंद्रात. फारोहून लोकल गाडीने दहाएक मिनिटांवरचं गाव. युरोपात शिंपले काढण्याच्या जागांची प्रतवारी असते. शंभर ग्रॅम मांसात ई. कोलाय जिवाणू 230 पर्यंत असले तर अ वर्ग, माल थेट विकता येतो. 4,600 पर्यंत ब वर्ग, म्हणजे आधी शुद्धीकरण. त्याच्यावर 46,000 पर्यंत क वर्ग, त्यांना स्वच्छ पाण्यात बराच काळ ठेवावं लागतं. शुद्धीकरण म्हणजे काही रसायन नाही: अतिनील दिव्याखालून गेलेलं समुद्राचं पाणी टाक्यांतून फिरवत ठेवायचं आणि तिसऱ्यांना एक-दोन दिवस त्यात श्वास घेऊ द्यायचा. त्या स्वतःच पोट साफ करतात. विषारी शैवाल वाढलं तर मात्र याचा उपयोग नाही, तेव्हा सरकारी सागर संस्था तो भागच बंद करते आणि कुठला भाग बंद, कुठला खुला, हे जाहीर करते. केंद्रातला माणूस सकाळी आधी ते बघायचा, मग कॉफी.

तिथे टाक्यांतून काढलेला माल निवडायला एक म्हातारी बसायची. दोन-दोन तिसऱ्या उचलून एकमेकींवर टक् टक् आपटायची, कान जरा तिरका करून. जिवंत तिसरीचा आवाज भरीव. मेलेली किंवा नुसता चिखल भरलेली असेल तर पोकळ, ती बाजूला. फोंड्याच्या बाजारातली आमची नेहमीची मासळीवाली हेच करते. मालाच्या प्रत्येक पिशवीवर नंतर चिठ्ठी लागायची: कुठल्या भागातला, कधी काढला, कुठल्या केंद्रातून गेला. आपल्याकडे तिसऱ्यांचा वाटा घेताना आपण फक्त "ताज्या आहेत ना?" एवढंच विचारतो. माझ्या प्रबंधाचा विषय त्या चिठ्ठीवरून सुचला.

आता कागदपत्रं, कारण खरी माती इथेच होते. लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाचा एक कागद असतो: तिथे काय शिकणार, त्याचे क्रेडिट किती, परत आल्यावर इथे ते कशाच्या जागी धरणार. तुझी सही, इथल्या कॉलेजची, तिथल्या विद्यापीठाची. इंटर्नशिपही याच्यात, मार्गदर्शकाच्या नावासकट आणि तासांसकट यायला हवी. युरोपात सेमिस्टर 30 क्रेडिटचं, आपलं 20 चं. तिथल्या एका क्रेडिटमागे 25 ते 30 तास धरतात, घरी वाचलेलं धरून. तेव्हा 12 क्रेडिटची इंटर्नशिप म्हणजे निदान 300 तासांचं काम. हे गणित तुझ्या विभागप्रमुखांपुढे जाताना पाठ असू दे. त्यांना ते माहीत असेलच असं नाही.

गुणांचा घोळ वेगळाच. पोर्तुगालात गुण वीसपैकी, दहाला पास, आणि वीस सहसा कुणाला देत नाहीत. चौदा म्हणजे चांगलं. मला एका विषयात चौदा मिळाले, तिथल्या मैत्रिणींनी शाबासकी दिली. परत आले तर इथल्या परीक्षा विभागाने चौदाला वीसने भागून सरळ 70 टक्के केले, आणि तेवढ्यासाठीही माझी गुणपत्रिका पुढच्या सेमिस्टरची परीक्षा जवळ येईपर्यंत टेबलाटेबलावर फिरत राहिली. "अशी केस आमच्याकडे आलेलीच नाही" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की शेवटी मीच ते आधी म्हणायला लागले. तेव्हा गुणांचं रूपांतर कसं करणार, हे जाण्याआधी सही-शिक्क्यासह मागून घे. मागितलं की लोक जरा दचकतात, पण देतात.

पैसे. तुझी जागा इरास्मस प्लसची, म्हणजे युरोपीय संघाच्या शिष्यवृत्ती योजनेतली आहे की नुसत्या दोन विद्यापीठांमधल्या कराराची, हे आधी विचार. दोन्हींत तिथली फी साधारणपणे माफ असते. फरक महिन्याच्या पैशांचा: इरास्मस प्लसमध्ये पोर्तुगालला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना महिन्याला 850 युरो आणि प्रवासासाठी वेगळी रक्कम. नुसत्या करारात बहुधा काहीच नाही. युरोचा त्या वेळचा भाव धरून हिशेब कर. शिष्यवृत्ती मिळाली तरी सगळी एकदम हातात येत नाही, म्हणून पहिल्या दोन महिन्यांचे घरून ने.

सगळ्यात मोठा खर्च खोलीचा, आणि इथे गोंयकाराला कुणी वेगळं समजावून सांगायला नको. आल्गार्व म्हणजे तिथलं कळंगुट. घरमालक सप्टेंबर ते जूनपर्यंत विद्यार्थ्यांना देतात आणि उन्हाळा आला की पर्यटकांसाठी खोली मोकळी करून मागतात, डिसेंबरात आपल्याकडे करतात तसंच. तुझं सेमिस्टर फेब्रुवारीत सुरू होऊन इंटर्नशिप जुलैत जाणार असेल, तर खोली जुलैपर्यंतची आहे हे पहिल्याच बोलण्यात ठरवून घे. पार्टटाइम करून खर्च काढेन असं मनात असेल तर तेही याच हंगामामुळे जमत नाही. तू तिथे पोचशील तेव्हा बरीच हॉटेलं बंद, आणि माणसं हवी असतात तेव्हा तुझी परतीची वेळ. शिवाय ओहोटी कुणाच्या शिफ्टसाठी थांबत नाही.

खाण्याचं सोपं आहे. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये तीनेक युरोंत सूप, जेवण, पाव, फळ मिळतं. शाकाहारी असशील तरी काळजी नको, सरकारी कँटीनमध्ये शाकाहारी पर्याय ठेवणं तिथे 2017 पासून कायद्याने सक्तीचं आहे. चवीचं मी बोलत नाही. सोलं (आमसुलं) मात्र घेऊन जा.

थंडीचं एक सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं: बाहेर ऊन असतं आणि घरात काकडायला होतं. जुन्या घरांना हीटर नसतात, भिंती ओल धरतात. पावसाळ्यातल्या आपल्या माडीसारखंच, फक्त बोटं बधिर होतात.

व्हिसासाठी दिल्ली-मुंबई करावी लागत नाही, पोर्तुगालची कॉन्सुलेट पणजीतच आहे. एकच लक्षात ठेव. मुक्काम वर्षाच्या आतला असल्याने तात्पुरत्या वास्तव्याचा व्हिसा माग. तो सगळ्या मुक्कामाचा असतो. निवासी व्हिसा घेतलास तर तिथे जाऊन आयमा या स्थलांतर खात्याकडून परवाना काढावा लागतो. त्या खात्याने ऑक्टोबर 2023 मध्ये जुन्या खात्याची जागा घेतली ती लाखो तुंबलेल्या अर्जांसकट. तुझं सेमिस्टर संपेल, तारीख मिळणार नाही. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आधी काढून ठेव, त्याला वेळ लागतो.

आणि हो, नातेवाईक विचारतील, "मग पासपोर्ट काढलास की नाही?" गोव्यात पोर्तुगाल म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. 1961 च्या आधी इथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांसाठी तो रस्ता आहे खरा, पण तो वेगळा रस्ता आहे, वर्षं खातो, आणि त्यांचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. पाच महिन्यांच्या अभ्यासात हे प्रकरण कालवू नकोस. विचारणाऱ्यांना हसून "बघू" म्हण.

पदवीलाच जा म्हणणाऱ्या घरच्यांना एवढंच सांग की दोन वर्षांचा खर्च आणि कर्ज अंगावर घेण्याआधी आपल्याला परदेशातली प्रयोगशाळा मानवते का, हे या पाच महिन्यांत कळतं. माझ्याबरोबर पुण्याची एक मुलगी होती, तिला नाही मानवली. ती परत आली, इथेच पीएच.डी. करते आहे, खूश आहे.

आज करायचं काम: तिथल्या विभागाच्या पानावर जाऊन तुझ्या विषयाच्या दोन-तीन गटांचे अलीकडचे निबंध वाच आणि गटप्रमुखाला स्वतःच मेल कर. लांबण लावू नकोस. काय वाचलंस, कुठलं तंत्र येतं, कुठलं शिकायचं आहे, तारखा कुठल्या, आणि इंटर्नशिप लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहावी लागेल हे पहिल्याच मेलमध्ये. ऑगस्टमध्ये पाठवू नकोस, तेव्हा तिथे सगळे सुट्टीवर असतात. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा, आणि मग पुढच्या गटाकडे.