‘हिची चण आता या खेळाची राहिली नाही’

“मॅडम, खरं सांगा, हिची चण आता जिम्नॅस्टिक्सची राहिली नाही का?”

आई खुर्चीत नीट टेकलीही नव्हती. शेजारी तिची तेरा वर्षांची मुलगी खाली बघत बसली होती. खांदे पुढे आलेले आणि पाठीला पोक. सहा वर्षं जिम्नॅस्टिक्स केलेली मुलगी सहसा अशी बसत नाही. ती मुद्दाम अंग चोरून, आखूड होऊन बसली होती, हे कळायला मला तो अख्खा तास लागला.

खेळाडू मुलांबरोबर, त्यांच्या मनाच्या बाजूने, काम करताना हा प्रश्न मला सतत भेटतो. कुणाचा मुलगा धावायला फार ठेंगणा, कुणाचा फार हाडकुळा, कुणाची मुलगी अंगाने फार भरलेली. मूल सारखं दुखावलं जाऊ लागलं की घरचे कारण शोधू लागतात, आणि डोळ्यांना आधी दिसते ती अंगकाठी. म्हणून ही गोष्ट लिहिते आहे. मायलेकींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी वर्षभरात १४४ सेंटिमीटरवरून १५२ वर गेली होती. चार महिन्यांपासून दोन्ही टाचा दुखत होत्या. बीमवरची, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद तुळईवरची एक कोलांटी, जी ती झोपेतही मारू शकली असती, ती मारताना दोनदा पडली. पिळा घेऊन मारायची उडी तर हातून पूर्ण निसटली. अशा वेळी तिचे प्रशिक्षक, सर, बोलून गेले, “ताडमाड वाढली, आता चण राहिली नाही.” आईने घरी इंटरनेटवर एक चाचणी भरली. उत्तर आलं: एक्टोमॉर्फ, नाजूक हाडापेराची, दुखापतीचा धोका जास्त. त्याची छापील प्रत तिने माझ्या टेबलावर ठेवली.

त्या कागदाबद्दल आधी बोलले, कारण तो बाजूला झाल्याशिवाय पुढचं ऐकू आलं नसतं. माणसांच्या शरीराचे एंडोमॉर्फ (गोलसर), मेसोमॉर्फ (स्नायुदार), एक्टोमॉर्फ (सडपातळ) असे तीन घटक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४०मध्ये मांडले, तरुणांची छायाचित्रं मोजून. शरीरावरून स्वभावही कळतो असा त्यांचा दावा होता, तो पुढे टिकला नाही. आज खेळाच्या अभ्यासात वापरतात ती हीथ आणि कार्टर यांची १९६७ची पद्धत. त्यात कातडीखालची चरबी, हाडांची रुंदी, स्नायूंचा घेर, उंची आणि वजन मोजून प्रत्येकाला तीन आकडे देतात. म्हणजे कुणीच निव्वळ एका जातीचं नसतं, आणि हे आकडे वयाबरोबर, सरावाबरोबर सरकतात. तेरा वर्षांच्या मुलीचे तर सरकणारच. आज शरीर कसं आहे याचं ते वर्णन आहे. उद्या काय मोडेल हे त्यात लिहिलेलं नसतं. निरोगी खेळाडूंची चाचणी घेऊन कोण जायबंदी होणार हे आधीच सांगता येतं का, याचा आढावा दुखापतींचे नामवंत अभ्यासक रोआल्ड बार यांनी २०१६मध्ये घेतला. त्यांचं उत्तर स्पष्ट नकाराचं होतं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना जे जमत नाही, ते दहा प्रश्नांच्या त्या कागदाला कुठून जमणार?

आईने कागदाची घडी घातली. पण चेहरा सुटला नाही. “मग सरांचं म्हणणं खोटं?”

खोटं नव्हतं, आणि ते खोटं आहे असं सांगून तिला बरं वाटायला लावणं मला पटलं नसतं. मी कोरा कागद घेतला आणि मुलीला जवळ बोलावलं. तिला गणित आवडतं हे मघाशी कळलं होतं. १४४चे १५२ झाले, म्हणजे उंची साडेपाच टक्क्यांनी वाढली. शरीर सगळीकडून त्याच प्रमाणात वाढलं असं धरू. स्नायूची ताकद त्याच्या छेदावर, म्हणजे जाडीवर ठरते. ही ताकद वाढली ११ टक्क्यांच्या आसपास. वजन वाढलं जवळजवळ १८ टक्के. आणि कोलांटी घेताना शरीर गरकन फिरवायचं असतं, त्या फिरण्याला शरीराचा होणारा विरोध वाढला सुमारे ३१ टक्के, कारण तिथे वजनही मोजलं जातं आणि ते अक्षापासून किती लांब पसरलंय त्याचा वर्गही. खरं शरीर इतकं सरळ हिशेबाने वाढत नाही. पाय आणि पावलं आधी लांब होतात, धड नंतर. स्नायू भरायला आणखी वेळ लागतो. पण दिशा हीच.

ती बराच वेळ ३१ या आकड्याकडे बघत राहिली. मग पहिल्यांदा बोलली, “म्हणजे मी विसरले नाहीये?”

नाही, विसरली नव्हती. मेंदूकडे जुन्या शरीराचा नकाशा होता आणि अंग नवं होतं. मुलींमध्ये उंची वाढण्याचा वेग साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो, मुलग्यांमध्ये चौदाव्या. त्या टप्प्यात मुली वर्षाला आठेक सेंटिमीटर वाढतात, मुलगे नऊ-दहा. कुणाची ही लाट दोन वर्षं आधी येते, कुणाची उशिरा, म्हणून एकाच वर्गातल्या दोन मुलांची तुलना या काळात फार अन्यायाची होते.

सरांना दिसलं ते खरंच होतं. लहान चण हवेत फिरायला सोयीची असते. अमेरिकेची ऑलिम्पिकविजेती जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिची उंची १४२ सेंटिमीटर आहे. पण त्याच खेळात रशियाची स्वेतलाना खोरकिना १६५ सेंटिमीटर उंचीची होती आणि अनइव्हन बार्सवर, म्हणजे कमी-जास्त उंचीच्या दोन आडव्या दांड्यांवर, तिने १९९६ आणि २०००, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. तिच्या लांब अंगाला शोभतील, जमतील अशा हालचाली तिने आणि तिच्या प्रशिक्षकांनी घडवल्या. त्यांतल्या काही आज तिच्याच नावाने ओळखल्या जातात. शरीरयष्टीने काय सोपं जाईल आणि कशाला जास्त मेहनत लागेल हे ठरतं, याबद्दल मी पालकांना कधीच गोड बोलून फसवत नाही. पण या मुलीच्या टाचा दुखत होत्या त्याचा तिच्या उंच असण्याशी फार थोडा संबंध होता. संबंध होता तो वाढण्याच्या वेगाशी, आणि त्या वेगात सराव मात्र तसाच चालू राहण्याशी.

टाच तपासणं माझं काम नव्हे. मी त्यांना क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. निदान आलं ‘सेव्हर्स डिसीझ’, आणि नावातल्या ‘डिसीझ’ने आईची झोप उडाली. १९१२मध्ये ज्या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं त्यांचं हे नाव. वाढत्या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाला कूर्चेची एक पट्टी असते, तिथून हाड वाढतं. पोटरीचा जाड स्नायुबंध तिथेच ओढ देत असतो. हाड भराभर लांबलं की पोटरी ताणलेली राहते, त्यात रोजच्या उड्यांचे दणके बसतात आणि ती जागा दुखरी होते. गुडघ्याखाली असंच होतं त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. हाड पूर्ण जुळून आलं की ही दुखणी थांबतात. मात्र रात्री झोपमोड करणारी वेदना, सूज, लंगडणं, किंवा पाठ मागे वाकवताना आठवड्यांमागून आठवडे दुखणं, यांतलं काहीही असेल तर वाट बघायची नाही. पाठीच्या मणक्यातली बारीक चीर जिम्नॅस्ट मुलांमध्ये दुर्मीळ नाही.

दुसऱ्या भेटीत मी मुलीला एकटीला भेटले. माझ्या कामाचा हा खरा भाग. आईसमोर मुलं जे बोलत नाहीत ते बहुधा शरीराबद्दलच असतं.

“ताई, कमी खाल्लं तर वाढ थांबते ना?”

दोन महिने ती डब्यातलं निम्मं टाकून देत होती. घरी भूक नाही म्हणत होती. कुणी तिला उपाशी राहा म्हटलं नव्हतं. तिने ‘चण राहिली नाही’ हे ऐकलं होतं आणि तेरा वर्षांच्या बुद्धीने त्यावर उपाय काढला होता. हे लिहिताना आजही माझ्या पोटात कालवतं.

मी तिला घाबरवलं नाही आणि खोटंही सांगितलं नाही. उपासमारीने वाढ मंदावू शकते. पण त्याची किंमत हाडं देतात. मोठेपणी अंगात हाडांचा जेवढा साठा असतो त्यातला साधारण चतुर्थांश भाग या जोरदार वाढीच्या अवतीभवतीच्या दोन वर्षांत भरला जातो. त्यातही उंची आधी धावते आणि हाडाची घनता काही महिने मागून येते. त्या फटीत हाड तात्पुरतं हलकं असतं, म्हणून या वयात हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. नेमक्या त्याच वेळी पोटाला कमी दिलं तर दुखापत टळण्याऐवजी जवळ येते. खेळाला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी खाल्ल्याने पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, मन, सगळंच कसं ढासळतं यासाठी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४मध्ये ‘रेड-एस’ हे नाव रूढ केलं. मुलग्यांनाही ते होतं. तिच्याच संमतीने आईला आत बोलावलं, तिनेच आईला सांगितलं, आणि डॉक्टरांच्या मार्फत आहारतज्ज्ञ जोडून दिला. वजनकाटा मात्र मी घरातून उचलून ठेवायला लावला.

मग सर. मला वाटलं होतं तेवढे ते अवघड निघाले नाहीत. त्यांना मुलगी खेळात हवी होती, ती दुखावलेली बघवत नव्हती, एवढंच. एका सरावात ती उडीवरून किती वेळा जमिनीवर उतरते, ती लँडिंग आम्ही मोजली. तीन आकडी संख्या निघाली, आणि ती दोघांनाही ठाऊक नव्हती. उंच उडीवरून उतरताना शरीराच्या वजनाच्या दहापट आणि कधी त्याहूनही जास्त भार पायांवर येऊ शकतो, हे लक्षात घेतलं की त्या संख्येचं वजन कळतं. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टने सहा आठवड्यांसाठी मर्यादा आखून दिली: कडक पृष्ठभागावर उतरणं बंद, गादीवर मोजकीच, बाकी वेळ बार्स, लवचिकता, ताकद. उतरताना गुडघे आत न वळवता, आवाज न करता उतरायचं, हे तिला नव्याने शिकवलं. अशा तयारीला पुरावा चांगला आहे. फुटबॉलमध्ये ‘फिफा ११+’ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप आहे. २००८मध्ये किशोरवयीन मुलींवरच्या एका मोठ्या नॉर्वेजियन चाचणीत तो करणाऱ्यांमध्ये गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. धावणाऱ्यांच्या मांडीमागच्या स्नायूसाठी असलेल्या नॉर्डिक व्यायामाचंही तसंच. अंगकाठी कोणतीही असो, नियमाने केलं तर उपयोग होतो. नियमाने करणं हेच अवघड असतं.

तिची स्वतःची एक वही झाली. प्रत्येक सरावानंतर ‘किती जड गेलं’ याला शून्य ते दहा गुण आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. १२० मिनिटं आणि सात गुण, तर ८४०. शेजारी झोपेचे तास आणि टाचेचं दुखणं. दर तीन महिन्यांनी, सकाळी, एकाच भिंतीपाशी उंची. ज्या तिमाहीत उंची झपाट्याने सरकेल त्या तिमाहीत उड्या वाढवायच्या नाहीत, एवढा एकच नियम. आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण सुटी. आईला हा दिवस फार जड गेला, मुलीपेक्षा जास्त.

राहिली भीती. ती बीमवर चढली की पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, नजर एकाच ठिकाणी खिळायची. अँडरसन आणि विल्यम्स या क्रीडा मानसशास्त्रज्ञांनी १९८८मध्ये मांडलेलं एक प्रारूप मी अशा वेळी नेहमी आठवते: ताणाखाली स्नायू आखडतात, लक्ष आक्रसतं, आणि त्यातून दुखापत होते. म्हणजे ‘माझं शरीर नाजूक आहे’ हा विश्वासच तिला पाडत होता. आम्ही जमिनीवर आखलेल्या रेषेपासून सुरुवात केली, मग बुटका बीम, मग उंच. प्रत्येक पायरीवर श्वास आणि एक ठरलेला शब्द. शब्द तिने निवडला, तो मी इथे लिहिणार नाही, तिचा आहे. भीती मोजायलाही शून्य ते दहाच. चारच्या वर असेल तर पायरी चढायची नाही.

या सगळ्याला आठ महिने लागले. टाचा तिसऱ्या महिन्यात शांत झाल्या, पाचव्यात एकदा परत दुखल्या, कारण एका स्पर्धेच्या आधी मर्यादा मोडली गेली होती. बीमवरची कोलांटी परत आली. ती पिळ्याची उडी आली नाही आणि येईल की नाही मला माहीत नाही. डबा मात्र रिकामा परत येतो. १५५ सेंटिमीटर झाली आहे.

गेल्या महिन्यात आई पुन्हा आली होती, दुसऱ्याच कामासाठी. जाता जाता म्हणाली, “मॅडम, परवा ही सरांना म्हणाली, दोन बारांमधलं अंतर वाढवून द्या, माझे पाय लागतायत.” सरांनी काय केलं ते मी विचारलं.

“पाना घेऊन आले,” आई म्हणाली.