नाट्यगृह बांधताना आर्किटेक्ट असूनही वेगळा थिएटर सल्लागार कशाला?

तुम्ही लिहिलंय की ८०० आसनांचं नाट्यगृह बांधायचं आहे, आर्किटेक्ट नावाजलेले आहेत आणि ध्वनी-प्रकाशाचं सामान विकणारी एक कंपनी सगळं डिझाइन फुकट करून द्यायला तयार आहे. मग रंगमंच आणि त्याच्या यंत्रणेची आखणी सांगणाऱ्या थिएटर सल्लागाराची वेगळी फी का भरायची? मी प्रकाशयोजना करतो. दुसऱ्यांनी बांधलेल्या रंगमंचांवर नाटक उभं करणं हा माझा धंदा, त्यामुळे माझं उत्तर वापरणाऱ्याच्या बाजूचं आहे: फी भरा, आणि नकाशे पक्के व्हायच्या आधी भरा.

आधी त्या फुकट डिझाइनबद्दल. त्याची किंमत सामानाच्या बिलात वसूल होते, आणि त्यालाही माझी हरकत नाही; कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हे. अडचण अशी की विक्रेत्याच्या डिझाइनमध्ये फक्त विकता येणाऱ्या गोष्टी येतात. स्पीकर येतात, मूव्हिंग लाइट येतात, मागे भलीमोठी एलईडी भिंत येते. ‘डाव्या विंगेत अजून तीन मीटर सोडा’ हा सल्ला तिथून येत नाही, कारण त्या तीन मीटरचं बिल त्यांना लावता येत नाही. शिवाय टेंडरचे तपशील त्यांनीच लिहिले की त्यात नेमका त्यांचाच माल बसतो. बाकीच्यांनी टेंडर भरलं काय नि न भरलं काय, सारखंच.

स्वतंत्र सल्लागाराचा खरा उपयोग उपकरणं निवडण्यात नाहीच. डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारी यंत्रणा), कन्सोल (ती चालवायचा फलक), दिवे आज ना उद्या बदलावेच लागतात. कॉंक्रीट ओतून झाल्यावर जागा मात्र मिळत नाही. फ्लाय टॉवरचंच घ्या, म्हणजे रंगमंचावरची ती उंच पोकळी जिथे देखावे आणि पडदे सरळ वर खेचून नजरेआड करतात. रंगमंचाची दर्शनी चौकट सात मीटर उंच असेल, तर ग्रिड, म्हणजे सगळं टांगायची वरची जाळी, त्याच्या निदान अडीच पट, म्हणजे सतरा-अठरा मीटरवर हवी. बाहेरून इमारत बोजड दिसते म्हणून ही उंची कापली, की वर ओढलेल्या पडद्याचा खालचा काठ कायम प्रेक्षकांना दिसत राहतो. मग कोणीही काहीही वर ओढत नाही, आणि अर्धवट उंचीचा तो मनोरा फुकट जातो.

समोरच्या दिव्यांचंही तसंच. नटाच्या चेहऱ्यावर साधारण ४५ अंशांतून प्रकाश यायला हवा. त्यासाठी प्रेक्षागृहाच्या छतात नेमक्या अंतरावर कॅटवॉक, म्हणजे चालायचा अरुंद पूल, लागतो आणि माणसाला तिथे चालत जाऊन दिवा फिरवता आला पाहिजे. सुंदर फॉल्स सीलिंग आधी ठरतं आणि दिव्यांना उरेल ती फट मिळते. दिवे फार उभे पडले तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या, फार आडवे पडले तर नटाची सावली मागच्या पडद्यावर. मी मग रात्रभर त्यावर तोडगे काढत बसतो.

सामानाचा ट्रक रंगमंचाच्या पातळीला लागतो का? कंट्रोल रूमच्या काचेमागे बसलेल्या ध्वनिसंयोजकाला सभागृहातला खरा आवाज ऐकू येतो का? एसीची हवा रुंद डक्टमधून सावकाश येते, की अरुंद डक्टमधून सूं सूं करत? ग्रिडला किती वजन टांगणार हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला वेळेत कोणी सांगितलं का? ही सगळी कामं कोणा ना कोणाच्या कक्षेच्या कडेला पडतात, म्हणून ती राहतात. आर्किटेक्ट कमी पडतात असं नाही. पण अनेकांच्या वाट्याला उभ्या कारकिर्दीत एखाद-दुसरं नाट्यगृह येतं, सल्लागाराचा तो रोजचा धंदा असतो.

ध्वनीशास्त्राचा माणूस वेगळा घ्यावा लागतो, हेही सांगून ठेवतो. संवादाच्या नाटकाला सभागृहातला निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावर तो घुमत राहण्याचा वेळ, एका सेकंदाच्या आसपास हवा; वाद्यवृंदाला जवळजवळ दोन सेकंद. ‘बहुउद्देशीय’ हा शब्द ठरावात लिहायला सोपा आहे, पण तो खरा करायचा तर भिंतींवर ओढता-सरकवता येणारे जाड पडदे किंवा फिरते पॅनेल लागतात, आणि त्यांची जागा पहिल्या आराखड्यातच धरावी लागते.

सल्लागार नेमला की सुटलो, असंही नाही. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधला फिलहार्मोनिक हॉल १९६२ साली उघडला. ध्वनितज्ज्ञ लिओ बेरानेक यांनी सुमारे २४०० खुर्च्यांचा, आयताकृती पेटीसारखा हॉल सुचवला होता. खुर्च्या वाढवण्याचा दबाव आला, आकार बदलला, संख्या २६०० च्या पुढे गेली. आवाजाबद्दल तक्रारी सुरू झाल्या त्या थांबेनात. १९७६ मध्ये आतला भाग पूर्ण काढून नव्याने बांधला, आणि २०२२ मध्ये पुन्हा एकदा, सुमारे ५५ कोटी डॉलर खर्चून, खुर्च्या २२०० वर आणून. सल्ला उपलब्ध होता. तो ऐकायचा की नाही हे मालकाच्या हातात असतं, म्हणून सल्लागाराचा करार आर्किटेक्टच्या पोटात न ठेवता थेट तुमच्याशी करा. लॉबी मोठी की मेकअप रूम, हा वाद होणारच. त्यात त्याचं म्हणणं तुमच्यापर्यंत गाळून येता कामा नये.

चांगला सल्लागार पहिल्या बैठकीत उपकरणांबद्दल बोलत नाही. इथे वर्षभर नेमकं काय होणार, रोज इमारत कोण चालवणार, किती तंत्रज्ञ पगारावर असतील, हे विचारून तो भंडावून सोडतो. सिडनी ऑपेरा हाउसमध्ये मोठा हॉल आधी ऑपेरा आणि वाद्यवृंद दोन्हींसाठी होता. बांधकाम सुरू असताना तो फक्त संगीतासाठी ठरला, बसवलेली रंगमंचाची यंत्रणा काढून टाकली, आणि ऑपेरा धाकट्या हॉलमध्ये गेला, जिथे रंगमंचापुढचा, वादकांनी बसायचा खड्डाच अपुरा. हे प्रश्न उशिरा सोडवले की एवढे महाग पडतात.

तुमचं सभागृह फक्त भाषणं आणि बक्षीस समारंभांसाठी असतं, तर मी एवढा आग्रह धरला नसता. एखाद्या अनुभवी तंत्रज्ञाला नकाशे दाखवून घेतले असते तरी भागलं असतं. ८०० खुर्च्या आणि नाटक म्हटल्यावर ते पुरत नाही.

सल्लागार निवडताना, तो कोणत्याही उत्पादकाकडून कमिशन घेत नाही हे लेखी घ्या. त्याच्या तपशिलात किमान तीन कंपन्यांचा माल बसतो का ते पाहा. नुसते त्रिमितीय रंगीत फोटो दाखवत असेल तर उभे छेद, म्हणजे इमारत वरून खाली कापल्यासारखे नकाशे, मागा. शेवटच्या रांगेतल्या माणसाची नजर पुढच्या डोक्यावरून रंगमंचाच्या कडेला पोचते का, ते छेदातच कळतं. कापड घ्यायच्या आधी शिंप्याकडे जातो तसंच हे, दुकानदाराने सांगितलेल्या मापावर विसंबायचं नाही. सल्लागाराने केलेलं, चार-पाच वर्षं वापरात असलेलं एखादं नाट्यगृह पाहायला जा आणि संचालकांच्या केबिनमध्ये चहा घेण्याऐवजी तिथल्या रंगमंच व्यवस्थापकाला गाठा. तो बरंच सांगेल.

आणि फी नकाशांपुरती ठरवू नका. पैसे कमी पडायला लागले की पहिली कात्री रंगमंचावर चालते, संगमरवरावर नाही. त्या बैठकीत सल्लागार हजर हवा. यंत्रणा बसल्यावर दिवे-पडदे टांगायचा प्रत्येक बार (आडवा नळ) वजन लावून तपासून घेणं आणि तुमच्या माणसांना शिकवणं हेही त्याच करारात लिहून घ्या.